मनाच्या वहीतले तीन रकाने



गटाच्या बैठकीत आपण काय काय करतो ते तुम्हाला सांगायला नको. हजेरी होते, बचत गोळा होते, कर्जाचे हप्ते मांडले जातात आणि शेवटी सचिव ताई सगळ्यांसमोर हिशेब वाचून दाखवते. कुणाचे किती आले, कुणाकडे किती राहिले, काही लपत नाही. लेखे नीट ठेवणे हे आपल्या पंचसूत्रीतलं सूत्रच आहे. आज आम्ही एका वेगळ्या हिशेबाचा इतिहास सांगणार आहोत. हा हिशेब पैशाचा नाही, दिवसाचा आहे. आज मी कशी वागले, कुठे चिडले, कशाची उगाच काळजी केली, हे रोज संध्याकाळी स्वतःला विचारायचं, एवढाच तो हिशेब. हा इतिहास दोन हजार तीनशे वर्षांपूर्वी ग्रीस देशातल्या एका ओसरीत सुरू होतो. तो आपण आपल्या नागपूरच्या बर्डीपर्यंत, म्हणजे सीताबर्डीपर्यंत आणू. मग आपल्या गटाला त्याचा काय उपयोग, तेही पाहू.

इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास अथेन्स शहरात झेनो नावाचा माणूस शिकवत असे. तो मूळचा सायप्रस बेटावरचा. समुद्रात त्याचं जहाज मालासकट बुडालं आणि मग तो तत्त्वज्ञानाकडे वळला, असं जुने लेखक सांगतात. त्याच्याकडे शाळेची इमारत नव्हती. बाजाराजवळच्या खांबांच्या एका लांब ओसरीत तो बोलायचा आणि लोक ऐकायला जमायचे. ग्रीक भाषेत अशा ओसरीला ‘स्टोआ’ म्हणतात. त्यावरून त्याच्या विचाराला ‘स्टोइक’ हे नाव पडलं. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर ओसरीवरच्या लोकांचा विचार. आपल्या गटाची बैठकही बहुतेक कुणाच्या तरी ओसरीवरच भरते, तेव्हा हे नाव आपल्याला परकं वाटायला नको.

या ओसरीवरच्या झेनोला ऐकायला मॅसिडोनियाचा राजा अँटिगोनसही येत असे. हाच अँटिगोनस आपल्या सम्राट अशोकाला ठाऊक होता. अशोकाच्या तेराव्या शिलालेखात ज्या ग्रीक राजांची नावं कोरली आहेत, त्यांत त्याचं नाव आहे. कुणी कुणाकडून काय शिकलं हा वाद विद्वानांचा. पण एकाच काळात तिकडे एक राजा ओसरीवरच्या शिक्षकाला मान देत होता आणि इकडे अशोक आपल्या प्रजेला स्वतःचं वागणं तपासायला सांगत होता, एवढं खरं.

अशोकाचा एक लेख राजस्थानात बैराटजवळ सापडला. त्यात बुद्धाचे काही उपदेश त्याने नाव घेऊन सांगितले आहेत. भिक्षू आणि भिक्षुणींनी, तसंच संसारात राहणाऱ्या उपासक आणि उपासिकांनीही ते वरचेवर ऐकावेत आणि त्यांवर विचार करावा, असं तो म्हणतो. उपासिका म्हणजे घरदार सांभाळणाऱ्या बाया. त्यांनाही राजाने त्या लेखात मोजलं. या उपदेशांपैकी एक आहे खोटेपणाबद्दल राहुलाला केलेला. राहुल हा बुद्धाचा मुलगा. बुद्ध त्याला विचारतो, आरसा कशासाठी असतो? राहुल म्हणतो, पाहण्यासाठी. मग बुद्ध सांगतो की, तसंच आपलं वागणं तीनदा पाहावं: करण्याआधी, करताना आणि केल्यावर. यात माझं किंवा दुसऱ्याचं नुकसान आहे का, एवढंच विचारावं. नुकसान दिसलं तर थांबावं. झालंच असेल तर जाणत्या माणसाजवळ उघड बोलावं आणि पुढे जपावं. आपल्या देशातला दिवसाचा हिशेब असा जुना आहे.

आता पुन्हा ओसरीवरच्या लोकांकडे जाऊ. झेनोनंतर तीनशे वर्षांनी हा विचार रोममध्ये रुजलेला होता. त्या काळात आपल्याकडे सातवाहनांचं राज्य होतं. धाराशिव जिल्ह्यातलं तेर हे तेव्हा मोठी पेठ होतं आणि तिथलं कापड भडोचच्या बंदरातून समुद्रापार जात होतं. ज्या रोमच्या लोकांच्या अंगावर आपल्या मुलखातलं सूत होतं, त्यांच्यातल्या तिघांची ओळख करून देतो.

पहिला सेनेका. मोठा श्रीमंत, नीरो बादशहाचा सल्लागार. रागावर लिहिलेल्या आपल्या पुस्तकात त्याने स्वतःची एक सवय सांगितली आहे. रात्री दिवा मालवला की, त्याची सवय माहीत असलेली बायको बोलायची थांबायची. मग तो पडल्या पडल्या सगळा दिवस उलगडून पाहायचा. आज कोणती वाईट सवय आवरली, कुठे जास्त बोललो, कुणाला उगाच दुखावलं, हे तो स्वतःपासून लपवत नसे. चूक सापडली की स्वतःला सांगायचा, उद्या असं करू नकोस, आज माफ केलं. या शेवटच्या भागाकडे आम्ही नंतर पुन्हा येणार आहोत.

दुसरा एपिक्टेटस. हा गुलाम होता आणि पायाने अधू होता. पुढे त्याची सुटका झाली आणि तो शिक्षक झाला. त्याने स्वतः एकही पुस्तक लिहिलं नाही. त्याचं बोलणं एका विद्यार्थ्याने उतरवून घेतलं म्हणून ते टिकलं. त्याच्या शिकवणीचा पाया अगदी साधा आहे. काही गोष्टी आपल्या हातात असतात: आपण कशाला काय समजतो, काय हवं म्हणतो, काय टाळतो. काही आपल्या हातात नसतात: दुसऱ्याचं बोलणं, मानमरातब, मालमत्ता, शरीराचं आजारपण. पहिल्या गोष्टींसाठी झटावं, दुसऱ्यांसाठी जीव जाळू नये. त्याचा गुरू म्युसोनियस हाही लक्षात ठेवण्यासारखा आहे. मुलगा आणि मुलगी दोघांना सारखंच शिक्षण द्यावं, बायांनीही तत्त्वज्ञान शिकावं, असं तो एकोणीसशे वर्षांपूर्वी रोममध्ये शिकवत होता.

तिसरा मार्कस ऑरेलियस. हा इसवी सन १६१ ते १८० या काळात रोमचा बादशहा होता. लढाईच्या छावणीतही तो स्वतःसाठी टिपणं लिहायचा. सकाळीच मनाला सांगून ठेवायचा की, आज मला आगाऊ, उपकार विसरणारी, मत्सर करणारी माणसं भेटतील, पण तीही माझीच भावंडं आहेत. बादशहाने गुरुस्थानी कुणाला मानलं, तर त्या अधू गुलामाच्या शिकवणीला.

इथपर्यंत गोष्ट गोड आहे. पण मैत्रिणींनो, इथे एक अडचण आहे आणि ती आपल्यासारख्या बायांनी विचारलीच पाहिजे. ‘तुझ्या हातात नाही ते सोडून दे’ हे आपल्याला लहानपणापासून ऐकवलं जातंच की! मनाला लावून घेऊ नको. नशिबात होतं ते झालं. बाईच्या जातीने सोसावं. नवरा पिऊन आला तर त्याला सुधारणं तुझ्या हातात नाही, तू गप्प राहा. सातबारावर नाव नाही, ते तुझ्या हातात नाही. मग हा ओसरीवरचा विचार आणि आजीच्या तोंडचं ‘सोस बाई’ यात फरक काय?

फरक आहे. पण तो ओसरीवरच्या लोकांनी पुरता सांगितला नाही. एपिक्टेटस मनाने मोकळा झाला, पण रोममधली गुलामी चालूच राहिली. गुलामाशी माणसासारखं वागा असं सेनेकाने लिहिलं, पण त्याच्या घरी गुलाम होतेच. एकट्या माणसाच्या हातात काय आहे, एवढंच त्यांनी मोजलं. चार जणांनी हातात हात घेतला तर हातातलं किती वाढतं, ते मोजायचं राहून गेलं. हे मोजायला आपल्याला आता नागपूरला यावं लागेल.

१९४२ सालच्या जुलै महिन्यात नागपूरच्या मोहन पार्कात दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली. अध्यक्ष होत्या सुलोचनाबाई डोंगरे. हजारो बाया आल्या होत्या. त्या काळी गिरणीत राबणाऱ्या, मोलमजुरी करणाऱ्या, अक्षर न शिकलेल्या बायाही त्यात होत्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे बोलले. समाजाची प्रगती मी बायांच्या प्रगतीवरून मोजतो, असं त्यांनी सांगितलं. त्याच भाषणात घरातल्या रोजच्या गोष्टीही त्यांनी सांगितल्या: स्वच्छ राहा, व्यसनांपासून दूर राहा, मुलांना शिकवा, त्यांच्या लग्नाची घाई करू नका, आणि नवऱ्याची दासी होऊ नका, बरोबरीची मैत्रीण व्हा. म्हणजे स्वतःच्या वागण्याचा हिशेब त्यात होताच. पण बाया तेवढ्यावर थांबल्या नाहीत. घटस्फोटाचा हक्क मिळावा, एका पुरुषाने अनेक बायका करण्याची चाल बंद व्हावी, कामगार बायांना रजा मिळावी, मुलींच्या शिक्षणाची सोय व्हावी, असे ठराव त्यांनी केले. यातली एकही गोष्ट तेव्हा कुणा एकट्या बाईच्या हातात नव्हती.

याच नागपुरात त्याआधी जाईबाई चौधरी होऊन गेल्या. त्यांनी डोक्यावर ओझी वाहून पोट भरलं आणि पुढे आपल्या वस्तीतल्या मुलींसाठी चोखामेळ्याच्या नावाने शाळा काढली. ओझं वाहणं नशिबात आहे असं मानून त्या बसल्या असत्या, तर त्यांना कुणी दोष दिला नसता. पण मग ती शाळाही झाली नसती.

आता बर्डीवर येऊ. आपल्यातल्या पुष्कळ जणी मोरभवनला उतरून बर्डीच्या बाजारात साड्या आणि भांडी घेतात. त्याच सीताबर्डीतल्या श्याम हॉटेलात १९५६ च्या ऑक्टोबर महिन्यात बाबासाहेब आणि माईसाहेब उतरले होते. तब्येत खालावलेली होती. दीक्षेच्या कार्यक्रमाची तयारी वामनराव गोडबोले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली होती. गावोगावचे लोक रेल्वेने, बैलगाडीने आणि पायी येत होते. बाया पांढऱ्या साड्या नेसून, कडेवर लेकरं घेऊन आल्या होत्या. १४ ऑक्टोबरला, अशोक विजयादशमीच्या दिवशी, आज जिथे दीक्षाभूमी आहे त्या मैदानावर कुशिनाराचे भिक्षू चंद्रमणी यांनी बाबासाहेबांना आणि माईसाहेबांना त्रिशरण आणि पंचशील दिलं. नंतर बाबासाहेबांनी स्वतः लाखो लोकांना धम्मदीक्षा दिली आणि बावीस प्रतिज्ञा म्हणवून घेतल्या. दोन महिन्यांच्या आत, ६ डिसेंबरला, ते गेले.

आम्ही इथे धर्माची चर्चा करायला बसलेलो नाही. आपल्या गटांत वारकरी घरच्या बाया आहेत, बौद्ध आहेत, गोंड आहेत, मुस्लिम आहेत. आपल्याला पाहायचंय ते एवढंच की त्या दिवशी मैदानावर दोन गोष्टी एकत्र कशा आल्या. बावीस प्रतिज्ञांतली काही वचनं जुन्या समाजरचनेला नकार देणारी होती. माणसामाणसांत उच्चनीच मानणार नाही, हे त्यात होतं. आणि काही वचनं अगदी रोजच्या वागण्याची होती: चोरी करणार नाही, खोटं बोलणार नाही, दारू पिणार नाही, सगळ्या जीवांवर दया करीन, प्रज्ञा, शील आणि करुणा यांचा मेळ घालून जगेन. जग बदलायचं वचन आणि स्वतःला तपासायचं वचन एकाच श्वासात, लाखो तोंडांनी, एकमेकांच्या साक्षीने म्हटलं गेलं.

पंचशिलाच्या शब्दांतही एक समजूत आहे. पाली भाषेत प्रत्येक शिलाला ‘शिक्षापद’ म्हटलं आहे, म्हणजे शिकण्याचा एकेक धडा. म्हणणारी बाई असं म्हणत नाही की मी कधीच खोटं बोलत नाही. ती म्हणते, खोटं न बोलण्याचा धडा मी घेते. धडा एकदा घेऊन संपत नाही, म्हणून तो परत परत घ्यायचा. विहारात वंदनेला शील पुन्हा म्हटलं जातं, घरी दिवा लावताना म्हटलं जातं. चुकलं तरी दुसऱ्या दिवशी धडा पुन्हा समोर असतोच. सेनेकाची रात्रीची माफी आणि हे रोजचं शील, दोन्हींत हा मोकळेपणा आहे.

या मोकळेपणाबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. बायांना स्वतःचे दोष मोजायला शिकवावं लागत नाही. रात्री अंग टाकलं की यादी आपोआप सुरू होते. दूध उतू गेलं, पोराला मारलं, सासूबाईंना उलट बोलले, शेतात जायला उशीर झाला. नवऱ्याने हात उचलला तरी माझंच काही चुकलं असेल, असं वाटणाऱ्या बाया आहेत. पऱ्हाटी बोंडअळीने गेली, बँकेचं कर्ज थकलं, त्याचाही दोष घरच्या बाईच्या पायगुणावर टाकला जातो आणि ती तो घेते. अशा बाईला ‘रोज स्वतःला तपास’ एवढंच सांगितलं तर तिच्या डोक्यावर आणखी एक ओझं होईल. म्हणून दिवसाचा हिशेब मांडायचा तर तो आपल्या वहीसारखा मांडावा. ज्याचं त्याच्या खात्यात. दुसऱ्याचं कर्ज आपल्या पासबुकात लिहायचं नाही.

आम्ही सुचवतो की मनाच्या वहीत तीन रकाने आखावे. पहिला रकाना: माझ्या हातातलं. माझं बोलणं, माझा राग, माझं खरं-खोटं, माझी बचत. इथे सेनेकासारखं रोज पाहावं आणि चुकलं असेल तर त्याच्यासारखं स्वतःला माफही करावं. दुसरा रकाना: कुणाच्याच हातात नसलेलं. पाऊस, गेलेला माणूस, झालेला काल. इथे एपिक्टेटसचं ऐकावं, जीव जाळू नये. तिसरा रकाना: मिळून हातात येणारं. हा रकाना नागपूरच्या बायांनी आपल्याला दिला आहे.

तिसऱ्या रकान्याचं एक जवळचं उदाहरण घेऊ. नवऱ्याचं पिणं एकट्या बाईच्या हातात नाही, हे खरं. पण गावातलं दारूचं दुकान? सरकारी परवाना असलेलं दुकान बंद करण्यासाठी ठराविक संख्येने महिला मतदारांनी लेखी मागणी केली, तर गुप्त मतदान घेण्याची सोय आपल्या राज्यात आहे. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी चिन्हं असतात. बायांनी बाटली आडवी केली आणि दुकान बंद झालं, असं अनेक गावांत घडलं आहे. २०१० च्या डिसेंबरात चंद्रपूर जिल्ह्यातल्या हजारो बाया चिमूरहून पायी चालत नागपूरला विधिमंडळाच्या अधिवेशनावर आल्या. १ एप्रिल २०१५ पासून त्या जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. २०२१ मध्ये सरकारने ती उठवली.

मग त्या चालल्या ते फुकट गेलं का? इथे ओसरीवरचे लोक पुन्हा कामाला येतात. ते तिरंदाजाची उपमा देत. नेम नीट धरणं, दोरी पुरी ताणणं तिरंदाजाच्या हातात असतं. बाण सुटल्यावर वारा आला तर काय, ते त्याच्या हातात नाही. त्याने आपलं काम नीट केलं की नाही, एवढंच त्याच्या हिशेबात धरायचं. चिमूरच्या बाया चालल्या हे त्यांच्या वहीत जमा आहे. बंदी उठली हे त्यांच्या खात्यात खर्ची पडत नाही. असं धरलं तरच हरल्यावरही पुन्हा उठून चालता येतं. एकट्याच्या शांतपणातून सोसणं येऊ शकतं, पण गटाला शांतपणाची जोड मिळाली तर गट फुटत नाही. हे दोन्ही आपल्याला हवं आहे.

आता करायचं कसं, ते सांगतो. वही नसली तरी चालेल, लिहिता येत नसलं तरी चालेल. भांडी घासून झाल्यावर, दिवा मालवण्याआधी पाच मिनिटं घ्या. हरिपाठ म्हणणारीने हरिपाठानंतर, वंदना घेणारीने वंदनेनंतर, नमाज पढणारीने नमाजानंतर, फडापेनची आठवण काढणारीने त्यानंतर घ्या. तीन प्रश्न विचारा. आज माझ्या हातातलं मी कसं सांभाळलं? आज कशासाठी मी उगाच जीव जाळला? आज जे मला एकटीला झेपलं नाही, ते गटात सांगण्यासारखं आहे का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बैठकीला घेऊन या. हजेरी आणि बचत झाली की, ज्या बाईला बोलावंसं वाटेल तिने बोलावं. कुणी जबरदस्ती करू नये, बैठकीतलं बाहेर सांगू नये आणि ऐकताना कुणी ‘तूच का नाही असं केलंस’ असं विचारू नये. घरी मार बसत असेल तर तो पहिल्या रकान्यात कधीच लिहायचा नाही. ती तिच्या वागण्याची चूक नाही. त्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचार विरोधी कायदा आहे आणि १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक आहे. तिच्यासोबत जायला गटातल्या दोघी तयार असाव्यात, म्हणजे ती गोष्ट तिसऱ्या रकान्यात आली.

ज्या बाया १९४२ ला मोहन पार्कात बसल्या, ज्या १९५६ ला पांढरी साडी नेसून मैदानावर उभ्या राहिल्या, त्यांच्यातल्या बहुतेकींची नावं कुठल्याच पुस्तकात नाहीत. पण नशीब म्हणून आपल्या आज्यांनी ज्या गोष्टी सोसल्या, त्यातल्या कितीतरी आता कायद्यात आणि आपल्या हक्कात आल्या आहेत. आपल्या मुलींच्या वहीत दुसरा रकाना आपल्याहून छोटा असेल की नाही, ते पुष्कळसं आपल्या तिसऱ्या रकान्यावर अवलंबून आहे. पुढच्या बैठकीला तेवढा विषय घ्या, आणि तुमच्या गटात काय बोलणं झालं ते आम्हाला जरूर कळवा.